आधी चुऱ्याचा हिशेब, मग नवा डोंगर

(वांद्रे येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो ते सर शाळेत विज्ञान शिकवत. प्रयोगवहीत निरीक्षणाच्या जागी ऐकीव उत्तर लिहिलेले सापडले की ते पान पुन्हा लिहायला लावत, ही आठवण त्यांच्या एका विद्यार्थ्याने मघाशी चहाच्या वेळी सांगितली. तेव्हा आज मोजता येईल तेवढेच बोलावे, असे ठरवूनच उभा राहिलो आहे.

विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी फोनवर पुन्हा विचारून घेतले, "चुरा? कसला चुरा?" दगडखाणीवर खडी पाडताना पट्ट्याखाली जो करडा ढीग साठतो, तो. मुंबईत त्याला डस्ट किंवा ग्रिट म्हणतात, सातारा-कोल्हापूरकडे कच म्हणतात. हा चुरा काँक्रीटमध्ये वाळूच्या जागी चालतो का, चालला तर इमारत टिकते का, आणि टिकत असेल तर तो खाणीवर पडून का राहतो, एवढेच तीन प्रश्न आज घ्यायचे आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे प्रयोगशाळेत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर आपल्या सोसायटीच्या कार्यालयात, कपाटातल्या करारनाम्यात आहे, असे माझे म्हणणे आहे.

मिक्सरमागे एक ब्रास

वांद्र्यात आज कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. पाली हिलवरचे बंगले जाऊन मनोरे आले. पूर्वेला गांधीनगरात, एमआयजी वसाहतीत चार मजल्यांच्या जागी किती मजले आले ते मान वर करून मोजावे लागते. शासकीय वसाहतीच्या जमिनीवरही नवे काही उभे राहायचे आहे. या सगळ्याकडे जाणारे, पोट गरगर फिरवत चाललेले मिक्सर आपण रोज पाहतो आणि वाहतूक अडवली म्हणून त्यांना शिव्या घालतो. त्या पोटात काय आहे, ते जरा पाहू.

एक घनमीटर काँक्रीटचे वजन साधारण २४०० किलो भरते. त्यात सिमेंट साडेतीनशे ते साडेचारशे किलो, पाणी दीडशे-पावणेदोनशे लिटर, खडी अकराशे किलोच्या आसपास आणि वाळू सातशे ते आठशे किलो. नेहमीच्या मिक्सरमध्ये सहा घनमीटर माल येतो. हिशेब केला तर त्यात वाळू निघते जवळजवळ एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. दारावरून एक मिक्सर गेला की कुठूनतरी एक ब्रास वाळू उचलली गेली, असे खुशाल धरून चाला.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ च्या अहवालात जगाचा वाळू-खडीचा वापर वर्षाला ५० अब्ज टन धरला आहे. पाण्याखालोखाल माणूस सर्वाधिक वापरतो ती वस्तू हीच. वाळवंटातल्या वाळूचा उपयोग नाही का, असे मला नेहमी विचारतात. ती वाळू वाऱ्याने गोल आणि फार बारीक झालेली असते, म्हणून काँक्रीटला ती गैरसोयीची. काँक्रीटला लागते ती पाण्याने वाहून आणलेली किंवा माणसाने दगड फोडून केलेली.

वाळू येत होती कुठून

मुंबईच्या नकाशावर रेतीबंदर हे नाव कुठे कुठे आहे ते पाहा. माहीमला, म्हणजे खाडी ओलांडली की आपल्यासमोरच आहे. कळव्याला आहे, मुंब्र्याला आहे. ठाण्याच्या आणि वसईच्या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या हातपाटीने आणि डुबीने वाळू निघे. माणूस बुडी मारून बादली भरणार, वरचा ती ओढून होडीत रिकामी करणार. या कष्टाने निघणाऱ्या वाळूला अंगभूत मर्यादा होती. सक्शन पंप आले आणि ती मर्यादा गेली. पंपाला दम लागत नाही.

खाडीच्या वाळूबरोबर दोन गोष्टी येतात, शिंपले आणि मीठ. सळईच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त नको, असे आयएस ४५६ हे मानक सांगते. गोड्या पाण्याने नीट धुतलेली खाडीची वाळू या मर्यादेत बसू शकते. न धुतलेली बसेलच असे नाही. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत छताचा पापुद्रा सुटून आतली तांबारलेली सळई दिसते, त्याची कारणे पुष्कळ असतात. सळईवरचे काँक्रीटचे आवरण पातळ, वरच्या मजल्यावरची गळती, समुद्राची हवा. वाळूतून आलेले मीठ हे त्यांतलेच एक. लोखंड गंजले की फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते.

नदीच्या वाळूत मीठ नसते. तिची किंमत मात्र नदीकाठच्या विहिरी देतात. पात्रातली वाळू पावसाळ्याचे पाणी धरून ठेवते. ती काढली की पात्र खोल जाते, काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात आणि उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. हे सगळे बोलून दाखवणे सोपे नव्हते. वांद्र्यातूनच काम चालवणाऱ्या सुमैरा अब्दुलअली यांच्यावर २००४ साली अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावर वाळूउपसा अडवायला गेल्या असता हल्ला झाला. त्यांनी 'आवाज फाउंडेशन' काढले, उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि २०१० च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या वाळूउपशावर बंदी आणली. पुढे अटी घालून लिलाव सुरू झाले. २०१२ च्या फेब्रुवारीत 'दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. वाळूचा ट्रक महाग झाला, अनिश्चित झाला, आणि बांधकामवाल्यांनी खडीच्या क्रशरकडे पाहायला सुरुवात केली.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या वेळी ही वाट आधीच मळलेली होती. त्या कामाला लागणारी वाळू नद्यांतून वेळेवर मिळेना, तेव्हा तिथे दगड ठेचून केलेली वाळू वापरली गेली. हा मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला. तेव्हा 'हे नवीन खूळ आहे' असे आज कुणी म्हणू नये. वीस वर्षांहून अधिक काळ आपण सगळे त्यावरून गाड्या हाकतो आहोत.

आणि खडी?

खडी आपण आपल्याच डोंगरांतून काढली. दख्खनचा हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही त्याची उभी खांबांची भिंत, साधारण ६१ मीटर उंच. आसपासचा डोंगर खाणींनी नेला म्हणून ती आज एवढी एकटी उठून दिसते. १९५२ साली तिला संरक्षण मिळाले, नाहीतर तिचीही खडी झाली असती. मालाडचा पिवळसर दगड छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागला, कुर्ल्याचा दगड फोर्टातल्या इमारतींना लागला. मालाडला क्वारी रोड आहे, भांडुपला क्वारी रोड आहे. तिथले पत्ते सांगणाऱ्या कितीजणांना खाण आठवते?

ही खडी फोडली कुणी, तेही सांगायला हवे. क्रशर येण्याआधी सुतकी आणि हातोडी घेऊन वडार समाजाच्या पुरुषांनी दगड फोडला आणि त्यांच्या बायकांनी उन्हात बसून त्याची खडी केली. शहराच्या इतिहासाच्या पुस्तकांत आर्किटेक्टची नावे सापडतात. यांची सापडत नाहीत.

आता शहरातल्या बहुतेक खाणी थांबल्या आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना २०१६ च्या डिसेंबरात निघाली आणि त्या पट्ट्यात दगडखाण व क्रशर यांना मज्जाव झाला. खडी येते ती ठाणे, पालघर, रायगडच्या डोंगरांतून. आपल्या दारातली धूळ दुसऱ्याच्या दारात गेली, एवढाच काय तो फरक.

क्रशर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सुरुंगाने सुटलेला दगड डंपर वर नेऊन हॉपरमध्ये ओततो. खाली जबडा असतो, त्याला जॉच म्हणतात. दोन पोलादी पाट्यांमध्ये दगड चिरडून खाली पडतो. तिथून पट्ट्यावर, पट्ट्यावरून दुसऱ्या क्रशरमध्ये, तिथून एकाखाली एक बसवलेल्या थरथरत्या जाळ्यांवर. प्रत्येक जाळीतून एक पट्टा बाहेर निघतो आणि त्याच्या टोकाला एक ढीग. वीस मिलिमीटरची खडी, दहाची खडी, आणि सगळ्यात खालच्या जाळीतून गळालेला चुरा. खडीच्या ढिगाशी ट्रकांची रांग असते. चुऱ्याच्या ढिगावर उन्हाळ्यात वारा सुटला की करडा पडदा उठतो आणि पावसात त्याचाच राखी चिखल ओढ्यात उतरतो.

फोडलेल्या दगडाचा वीस ते पंचवीस टक्के भाग असा चुरा होतो. आता हिशेब करू. शंभर टन दगड फोडला. त्यातून पंच्याहत्तर टन खडी आणि पंचवीस टन चुरा निघाला. मघाच्या प्रमाणाने पंच्याहत्तर टन खडीला पन्नास टन वाळू लागते. म्हणजे खडी करताना आपोआप निघालेला चुरा त्या खडीला लागणाऱ्या वाळूची निम्मी गरज भागवू शकतो. चाळण्या-धुण्यात त्याचा पाव भाग गेला असे धरले तरी एक तृतीयांशाहून अधिक गरज भागते. यासाठी एकही जादा सुरुंग लावावा लागत नाही. आज मी जे सांगणार आहे ते सगळे या एका बेरीज-वजाबाकीवर उभे आहे.

चुऱ्याची वाळू होते कशी

जसाच्या तसा चुरा उचलून मिक्सरमध्ये टाकला की वाळू झाली, असे मात्र नाही. इथे 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून टाळ्या घेणाऱ्यांपासून सावध राहावे.

काँक्रीटमध्ये वाळूचे काम जागा भरायचे. सकाळच्या चर्चगेट लोकलचा डबा डोळ्यांसमोर आणा. मोठी माणसे उभी राहिल्यावर मध्ये जी फट उरते तिथे शाळेतली मुले शिरतात, मुलांमधल्या फटीत दप्तरे आणि डबे शिरतात. खडीमधल्या फटीत जाड वाळू, जाड वाळूच्या फटीत बारीक वाळू, तिच्या फटीत सिमेंटची लापशी. सगळ्या आकारांचे कण योग्य प्रमाणात असतील तर फटी कमी उरतात आणि सिमेंट कमी लागते. खाणीच्या कच्च्या चुऱ्यात नेमके मधले कण कमी असतात. जाड भरपूर, पीठ भरपूर, मधले गायब.

शिवाय फोडलेला कण टोकदार असतो, चपटा असतो. नदीचा कण घासून घासून गुळगुळीत झालेला. टोकदार कण एकमेकांत अडकतात, माल घट्ट होतो, आणि साइटवरचा माणूस नळी उचलून त्यात पाणी ओततो. खरा घात इथे होतो. सिमेंटच्या प्रमाणात पाणी वाढले की ताकद घटते, हे काँक्रीटचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात जास्त मोडले जाणारे सूत्र. दोष पाण्याचा असतो, नाव चुऱ्याचे खराब होते.

यावरचे उपाय यंत्रात आहेत. व्हीएसआय नावाचा क्रशर दगडाचे कण वेगाने भिरकावून दगडावरच आपटतो. त्यात टोके मोडतात, कण गोलसर होतो. मग चाळण, मग पाण्याने किंवा हवेच्या झोताने जादा पीठ काढणे. पाणी न वाढवता माल सैल ठेवायला रसायने आहेत. यांतले काहीच गुपित नाही.

मानकाने हे कधीच मान्य केले आहे. वाळू-खडीचे मानक असलेल्या आयएस ३८३ च्या १९७० च्या आवृत्तीच्या शीर्षकातच 'नैसर्गिक स्रोतांतील' असे शब्द होते. २०१६ च्या आवृत्तीत ते काढले. ठेचलेली वाळू, नैसर्गिक आणि ठेचलेली यांची मिश्र वाळू, पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटचे कण, पोलाद कारखान्यांची मळी या सगळ्यांना अटींसह दार उघडले. एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ७५ मायक्रॉनहून बारीक पीठ नैसर्गिक वाळूत तीन टक्क्यांपर्यंतच चालते. ठेचलेल्या वाळूत पंधरा टक्क्यांपर्यंत चालते, मिश्र वाळूत बारा टक्क्यांपर्यंत. एवढा फरक का? नदीच्या वाळूतले पीठ म्हणजे बहुधा गाळ, माती. ती पाणी पिते, फुगते आणि सिमेंटला कणाशी चिकटू देत नाही. क्रशरमधले पीठ म्हणजे दगडच, फक्त बारीक. मर्यादेत असेल तर ते फटी भरून काँक्रीट अधिक दाट करते.

पण ते पीठ दगडाचेच आहे याची खात्री हवी. आपल्या बेसाल्टमध्ये थराथरांमध्ये लाल मातीचे पट्टे असतात, काही थरांत पोकळ्यांमध्ये झिओलाइटसारखी खनिजे भरलेली असतात, वरचा थर कुजून मुरूम झालेला असतो. खाणवाल्याने हे सगळे एकत्र क्रशरमध्ये घातले तर खाली येणारा चुरा दिसायला तसाच करडा, आत मात्र माती. मिथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगाने ही चिकणमाती पकडता येते, कारण ती तो रंग शोषून घेते.

साइटवर करायची एक सोपी तपासणीही आहे. काचेच्या मोजपात्रात पन्नास मिलिलिटरच्या खुणेपर्यंत मिठाचे पाणी घ्या. त्यात वाळू घालत जा, शंभरच्या खुणेपर्यंत. मग आणखी पाणी दीडशेपर्यंत. तोंड बंद करून जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. खाली वाळू बसते, तिच्यावर बारीक कणांचा थर. नदीच्या वाळूवरचा थर बोटांना बुळबुळीत लागतो. चांगल्या क्रशरच्या वाळूवरचा थर जाड दिसेल, पण बोटांत चोळला तर दाताखालच्या कचीसारखा कुरकुरेल. नुसता थर जाड दिसला म्हणून माल परत करू नका आणि थर पातळ आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. खरा निकाल प्रयोगशाळेचा. सरांनी हा प्रयोग नववीच्या वर्गात नक्की करून घेतला असता.

ताकदीचे काय? भारतात यावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत, तमिळनाडूत आणि विदर्भातही. बहुतेकांचा कल एकच आहे. चाळलेला, स्वच्छ चुरा वाळूच्या चाळीस-पन्नास टक्के जागी घातला तर २८ दिवसांची ताकद वाळूच्या काँक्रीटइतकी किंवा थोडी अधिकच मिळते. टोकदार कणांची पकड चांगली असते. प्रमाण त्याहून वाढवले की माल घट्ट होतो आणि पाणी-रसायनांचा तोल फार काळजीने सांभाळावा लागतो. चाळीस-पन्नास टक्के हा आकडा मघाच्या आपल्या हिशेबाशी जुळतो आहे, हे ध्यानात आले असेलच. जेवढा चुरा निघतो, साधारण तेवढाच काँक्रीटला सुखाने मानवतो.

समुद्रकाठच्या वांद्र्याला आणखी एक लाभ. डोंगराच्या दगडात समुद्राचे मीठ नाही. आयएस ४५६ नुसार किनारी हवेला किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि फार तर सिमेंटच्या ०.४५ पट पाणी हवे. हे पाळायचेच आहे. त्यात वाळूतूनच मीठ आणून कशाला घालायचे?

गवंड्याचे म्हणणे

गवंडी या वाळूला नाक मुरडतात आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही. गिलाव्याला ती थापीवर खेळत नाही, भिंतीवर बारीक भेगा पडतात. काँक्रीटची वाळू आणि गिलाव्याची वाळू वेगळी असते, तिची मानकेही वेगळी आहेत. गिलाव्यासाठी वेगळी चाळलेली, बारीक वाळू लागते. काँक्रीटसाठी आणलेल्या ढिगातलेच घमेले भरून गिलाव्याला दिले तर गवंड्याने काय करावे?

दुसरा प्रश्न धुण्याचा. धुऊन काढलेले पीठ पाण्याबरोबर वाहते आणि ते पाणी ओढ्यात सोडले तर नदी वाचवायला निघालो आणि ओढा बुजवला, असे होते. ते पाणी टाकीत स्थिर करून पुन्हा वापरायला हवे. उरलेले पीठ पेव्हर ब्लॉक, विटा, डांबरी रस्त्याचा भराव यांत जाते. अलीकडे बेसाल्टचे पीठ शेतात पसरण्याचे प्रयोग होत आहेत. ते झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवते आणि मातीला खनिजेही देते. भारतातल्या लहान शेतकऱ्यांबरोबर हे काम करणाऱ्या माती कार्बन या संस्थेला २०२५ साली एक्सप्राइझ स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले.

तिसरा प्रश्न खाणीवरच्या माणसाच्या छातीचा. क्रशरच्या यंत्रापासून तीन ते दहा मीटरवर हवेतली धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा नियम आहे. त्यासाठी पट्ट्यांवर आच्छादन, पाण्याचे फवारे, भोवती भिंत आणि झाडे. बेसाल्टमध्ये स्फटिक सिलिका ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळ कमी, म्हणून धोका कमी, पण नाही असे नाही. धुळीतून कमावलेली वाळू स्वस्त पडते, कारण काही वेळा फवारे बंद असतात. तो पैसा आपण वाचवलेला नसतो. तो कुणाच्यातरी फुप्फुसातून वसूल केलेला असतो.

नदीची भूक डोंगराला

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. २०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले. जिल्ह्याजिल्ह्यात पन्नास क्रशरना प्रोत्साहन, गौण खनिजाचे स्वामित्वधन ब्रासला ६०० रुपयांऐवजी २०० रुपये, आणि शासकीय बांधकामांत या वाळूचा वापर टप्प्याटप्प्याने बंधनकारक. नदीसाठी हे पाऊल चांगले आहे आणि मी त्याचे स्वागत करतो.

पण कृत्रिम वाळू दोन वाटांनी तयार होते. एक, खडी पाडताना निघालेला चुरा चाळून-धुऊन. दोन, वाळूसाठीच म्हणून ताजा दगड फोडून. दोन्ही ट्रकांत दिसायला सारख्याच, पावतीवरही सारख्याच. पहिल्या वाटेने आधीच केलेला घाव भरून निघतो. दुसरीने नवा घाव होतो. सवलत देताना या दोघींत फरक केला नाही, तर व्यापारी माणूस सोपी वाट धरणार. ताजा दगड एकजिनसी असतो, यंत्र त्यासाठी बसवलेले असते. जुन्या ढिगात माती मिसळलेली असते, तो चाळायला मेहनत पडते. मग चुरा तसाच पडून राहील आणि शेजारी वाळूसाठी नवा डोंगर पोखरला जाईल. काल नदीला लागलेली भूक उद्या डोंगराला लागेल आणि आपण मात्र पर्यावरणाचे काम केल्याच्या समाधानात राहू.

म्हणून सवलत चुऱ्याच्या वाळूला अधिक हवी आणि ताज्या दगडाच्या वाळूला कमी. प्रत्येक खाणीने किती खडी विकली आणि किती चुरा निघाला याची नोंद महसूल खात्याने ठेवावी. खडीच्या प्रमाणात चुरा विकला गेलेला नसेल, तर त्या खाणीला वाळूसाठी नवा खाणपट्टा देऊ नये. एवढा एक नियम पुरेसा आहे.

हाच हिशेब शहराच्या पोटालाही लावा. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो आपल्या पायांखालून खडक कापत गेली. त्यातला सगळाच राडा काँक्रीटच्या कामाचा नव्हता, मऊ खडक होता, चिखल होता. पण कठीण बेसाल्ट जिथे होता तिथे तो वेगळा काढून क्रशरला देणे हा विचार कामाच्या निविदेतच असायला हवा होता. पुढच्या बोगद्यांसाठी तो अजून करता येईल. पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यासाठी महापालिकेने दहिसरला कोकणीपाड्यात आणि शिळफाट्याजवळ डायघरला केंद्रे सुरू केली आहेत, प्रत्येकी दिवसाला ६०० टन क्षमतेची. वांद्र्यात पडणाऱ्या इमारतींचे काँक्रीट तिथे पोहोचते का, हे विचारणारे कुणी हवे.

करारनाम्यातले एक पान

विचारणारे कोण, तर आपण. या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या सोसायट्या पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. करारनाम्यात काय काय असते ते आपल्याला पाठ आहे. कार्पेट किती वाढणार, भाडे किती, कॉर्पस किती, टाइल कुठल्या, लिफ्ट कुठल्या कंपनीची, स्वयंपाकघराच्या ओट्याला ग्रॅनाइट की क्वार्ट्‌झ. ओट्याच्या दगडावर सभेत तासभर वाद होतो. पण ज्या वाळूवर सगळी इमारत उभी राहणार, तिच्याबद्दल एक ओळ नसते. ती ओळ आता घालू.

वाळू कुठल्या खाणीची, आणि ती खडीच्या चुऱ्यापासून केलेली की ताज्या दगडाची, हे तयार काँक्रीट पुरवणाऱ्या आरएमसी प्लांटने लेखी द्यावे. वाळूचा चाळणी-अहवाल, ७५ मायक्रॉनखालच्या पिठाचे प्रमाण आणि मिथिलीन ब्लूचा निकाल दर महिन्याला आणि स्रोत बदलला की लगेच मिळावा. काँक्रीटच्या क्यूबच्या सात आणि अठ्ठावीस दिवसांच्या चाचण्या सोसायटीने नेमलेल्या, बिल्डरशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत व्हाव्यात. साइटवर मिक्सरमध्ये पाणी ओतायला बंदी आणि प्रत्येक गाडीची बॅच-स्लिप फायलीत. याचा खर्च इमारतीच्या एकूण खर्चात शोधूनही सापडणार नाही. ज्यांना हे तांत्रिक वाटत असेल त्यांनी एक लक्षात घ्यावे. सोसायटीने अहवाल मागितला की बिल्डर तो आरएमसीकडे मागतो, आरएमसी क्रशरकडे मागतो, आणि क्रशरवाल्याला चाळणी बसवण्याचे कारण मिळते. मागणी खालून वर जाते. वरून खाली येणारा शासन-निर्णय बहुधा कपाटात थांबतो.

उच्च न्यायालयाचे नवे संकुलही आपल्याच वांद्रे पूर्वेला उभे राहायचे आहे. ज्या न्यायालयाने वाळूउपसा थांबवला, त्याच्या स्वतःच्या भिंतींत कुठली वाळू जाते आहे, याची माहिती दर महिन्याला जाहीर फलकावर लागावी, अशी मागणी या व्याख्यानमालेने करावी, असे मी सुचवतो. सार्वजनिक बांधकाम खात्याला ते अवघड नाही. तो फलक लागला की मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीला आपल्या बिल्डरपुढे ठेवायला एक नमुना मिळेल. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो कार्यवाहांच्या टेबलावर असेल. वाचा, पटला नाही तर दुरुस्त करा, आणि पटला तर सही करा.